नवी हार्ड डिस्क संगणकास का दिसत नाही?

छत्तीसगड राज्याची स्थापना १ नोव्हेंबर २००० रोजी झाली. त्यानंतर जुन्या रायपूर शहराच्या आग्नेयेस राजधानीसाठी एक नवे नगर आखण्यात आले. २०१२ साली राज्याचे मंत्रालय तेथे गेले आणि २०१८ साली नगराच्या नावास 'अटल नगर' हे पद जोडण्यात आले. आज ते नवा रायपूर अटल नगर या नावाने ओळखले जाते. 'नवा' हा शब्द छत्तीसगढी भाषेत आणि मराठीत एकाच अर्थाने वापरतात, ही गोष्ट मराठी वाचकास सहज ध्यानात येईल.

असे आखीव नगर वसविताना कोणत्या क्रमाने कामे होतात, ते पाहण्यासारखे आहे. प्रथम वीज आणि रस्ता पोचतो. मग जागेची मोजणी होऊन तिची सरकारदरबारी नोंद होते. नंतर सेक्टर व भूखंड पाडले जातात आणि शेवटी घरांना क्रमांक मिळतात. यांपैकी एखादी पायरी राहिली, तर घर डोळ्यांसमोर उभे असूनही टपालवाला तेथे पत्र पोचवू शकत नाही. संगणकात नव्याने बसविलेल्या हार्ड डिस्कची स्थिती पुष्कळदा अशीच असते. वस्तू आत बसलेली आहे, स्क्रू आवळलेले आहेत, केबल लावलेली आहे. परंतु संगणक सुरू केल्यावर पडद्यावर तिचा मागमूस नसतो.

अशा वेळी डिस्क सदोष आहे असे समजून ती दुकानदारास परत करण्याची, किंवा पडद्यावर जी सूचना येईल तिला संमती देऊन मोकळे होण्याची घाई केली जाते. पहिल्या घाईत थोडा वेळ व पैसा जातो. दुसऱ्या घाईत मात्र वर्षानुवर्षे जमविलेली माहिती एका क्षणात नष्ट होण्याचा संभव असतो. ओळख नेमकी कोणत्या पायरीवर थांबली आहे हे शोधून काढावे आणि मगच उपाय करावा, ही पद्धती या पुस्तिकेत समजावून देण्याचा प्रयत्न केला आहे.

१. ओळख म्हणजे काय?

हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ सालापासून सुरू होतो. त्या वर्षी आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाच्या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत असत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये याच्या लक्षावधी पट माहिती राहते.

१९८० नंतरच्या दशकात वैयक्तिक संगणक प्रचारात आले, तेव्हा डिस्कची ओळख संगणकास माणसानेच करून द्यावी लागे. डिस्कच्या अंगावर चिकटविलेल्या कागदावरून तिच्यात माहितीची वर्तुळे किती, वाचणारी टोके किती, प्रत्येक वर्तुळाचे भाग किती, हे आकडे वाचून ते हाताने संगणकात भरीत असत. आकडा चुकला की डिस्क निरुपयोगी ठरे. पुढे डिस्कच्या अंगीच एक लहानसे नियंत्रक मंडल बसविण्यात आले, आणि 'तू कोण आहेस?' असा प्रश्न संगणकाने विचारावा व डिस्कने उत्तर द्यावे, अशी सोय झाली. साटा जातीची डिस्क या प्रश्नाला ५१२ बाइटांचे उत्तर देते. त्यात तिचा नमुना क्रमांक, अनुक्रमांक व क्षमता ही सर्व माहिती असते.

म्हणजे आजची ओळख हा एक संवाद आहे. संवाद होण्यासाठी दोन्ही बाजू जाग्या असाव्या लागतात, त्यांच्यामध्ये वाट असावी लागते आणि दोघांची भाषा एक असावी लागते. या दृष्टीने ओळखीच्या पाच पायऱ्या पाडता येतात : वीज, जोडणी, मदरबोर्डची ओळख, ऑपरेटिंग सिस्टिमची ओळख आणि शेवटी विभाग व फाइल-व्यवस्था. आता त्यांचा क्रमाने विचार करू.

२. पहिली पायरी : वीज

कॅबिनेट उघडण्यापूर्वी, म्हणजे ज्या पेटीस लोक सरसकट सीपीयू म्हणतात ती उघडण्यापूर्वी, संगणक बंद करून भिंतीवरील बटण बंद करावे, प्लग काढावा आणि संगणकाचे बटण एकदा दाबून आतील उरलीसुरली वीज जाऊ द्यावी. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये. तिच्यातील धारित्रांमध्ये प्लग काढल्यानंतरही घातक विद्युत्भार राहू शकतो.

रायपूरच्या परिसरात वैशाख-ज्येष्ठात पारा ४० अंशांच्या वर जातो व हवा अत्यंत कोरडी होते. कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत् साठते. तिचा चटका आपणांस जाणवण्यास सुमारे ३००० व्होल्टांचा दाब लागतो; परंतु त्याहून पुष्कळ कमी दाबाने डिस्कवरील नाजूक भाग बिघडू शकतात. म्हणून डिस्क हातात घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या न रंगविलेल्या धातूस स्पर्श करावा आणि डिस्क नेहमी कडेने धरावी.

आता विजेचा विचार. मेजावरील संगणकात वापरतात त्या साडेतीन इंची डिस्कला दोन दाबांची वीज लागते : मोटर फिरविण्यासाठी १२ व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक भागांसाठी ५ व्होल्ट. अडीच इंची एसएसडीचे काम सामान्यतः ५ व्होल्टांवर भागते. त्यामुळेच केवळ यूएसबीच्या ५ व्होल्टांवर चालणाऱ्या जोडकेबलीने एसएसडी चालू होते, पण साडेतीन इंची डिस्क फिरत नाही. अशा डिस्कसाठी निराळा अडॅप्टर असलेलीच जोडणी हवी.

फिरत्या तबकडीची डिस्क वीज मिळताच हलकेसे थरथरते व कान देऊन ऐकल्यास तिचा घुमणारा आवाज येतो. आवाज नसल्यास वीज पोचत नाही, असा पहिला तर्क करावा. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने ही कसोटी तिला लागू पडत नाही.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, काही पॉवर सप्लायच्या केबली काढता-घालता येतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबलींचे टोक दिसावयास सारखे असले, तरी आतील तारांचा क्रम सारखा असतोच असे नाही. दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल वापरल्यास ५ व्होल्टांच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळू शकते. ज्या पॉवर सप्लायबरोबर जी केबल आली, तीच तिला लावावी. दुसरी गोष्ट अशी की, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या साटा ३.३ या नियमावलीत विजेच्या प्लगातील तिसऱ्या टोकास नवे काम देण्यात आले. त्या टोकावर वीज आली, तर डिस्कने बंद राहावे, असा तो संकेत आहे. जुन्या पॉवर सप्लायमधून त्याच टोकावर ३.३ व्होल्ट सतत येत असतात. त्यामुळे हा नियम पाळणारी काही मोठ्या क्षमतेची डिस्क जुन्या संगणकात लावली असता मुळी फिरतच नाही. डिस्कमध्ये दोष नसतो. ती मिळालेली आज्ञा पाळीत असते. ज्या जोडणीत ३.३ व्होल्टांची तारच नाही, अशा जोडणीतून वीज दिली की ती चालू होते.

३. दुसरी पायरी : जोडणी

साटा डिस्कला दोन केबली लागतात : १५ टोकांची विजेची आणि ७ टोकांची माहितीची. दोहोंचे तोंड इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे असल्याने ती उलटी बसत नाहीत. परंतु अर्धवट मात्र बसू शकतात. नव्या डिस्कच्या तक्रारींत हे कारण वारंवार आढळते. दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवावी. माहितीची केबल एक मीटरहून लांब नसावी आणि तिला तीव्र कोनात दुमडू नये.

ही पायरी तपासताना एक नियम कटाक्षाने पाळावा : एका वेळी एकच बदल करावा. प्रथम केबल बदलावी व पाहावे. फरक पडला नाही, तर जुनी केबल परत लावून मदरबोर्डवरील दुसऱ्या पोर्टात ती घालावी व पाहावे. केबल, पोर्ट व वीज ही तिन्ही एकदम बदलली आणि डिस्क दिसू लागली, तर दोष कोठे होता हे कधीच कळत नाही आणि सदोष केबल पुन्हा पुढच्या कामास वापरली जाते.

मदरबोर्डवर सपाट बसणाऱ्या लहान पट्टीच्या आकाराच्या एसएसडीस एम-टू म्हणतात. तिच्यात दोन जाती आहेत. एक साटा पद्धतीने बोलते, दुसरी एनव्हीएमई पद्धतीने. एनव्हीएमईची पहिली नियमावली २०११ साली प्रसिद्ध झाली. या दोन जाती दिसावयास जवळजवळ सारख्या असतात. परंतु काही मदरबोर्डांच्या खाचेत एकच जात चालते. पट्टी नीट बसली, स्क्रूही लागला, तरी दोघांची भाषा जुळत नसेल तर ओळख होणार नाही. म्हणून खरेदीपूर्वीच मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहावी.

त्या पुस्तिकेत आणखी एक बारीक टीप असण्याचा संभव असतो. पुष्कळ मदरबोर्डांवर एम-टू खाच आणि एखादा साटा पोर्ट यांना मिळून एकच वाट दिलेली असते. खाचेत पट्टी बसविली की तो पोर्ट आपोआप बंद होतो. अशा वेळी कालपर्यंत चालणारी डिस्क आज दिसेनाशी होते आणि सर्व संशय नव्या पट्टीवर जातो. डिस्क दुसऱ्या पोर्टात लावणे एवढाच याचा उपाय आहे.

४. तिसरी पायरी : मदरबोर्डची ओळख

संगणक सुरू होताच, विंडोज किंवा लिनक्स जागे होण्यापूर्वी, मदरबोर्डवरील एक मूलभूत प्रोग्रॅम चालू होतो. त्यास पूर्वापार बायोस म्हणतात. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, तरी बोलण्यात बायोस हाच शब्द राहिला आहे. संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ-टू ही कळ दाबीत राहिल्यास बहुतेक संगणकांत बायोसचा पडदा उघडतो. तेथे जोडलेल्या डिस्कांची यादी असते.

या पायरीस आपल्या शोधात फार महत्त्व आहे, कारण येथून तपासाचे दोन मार्ग होतात. यादीत नव्या डिस्कचा नमुना क्रमांक व क्षमता बरोबर दिसत असेल, तर वीज आणि जोडणी या दोन्ही पायऱ्या ठीक आहेत आणि दोष पुढे आहे. मग स्क्रू-ड्रायव्हर बाजूस ठेवावा. यादीत ती नसेल, तर दोष मागे आहे, आणि विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी तिचा उपयोग होणार नाही.

यादीत नसल्यास केबल व पोर्ट बदलून झाल्यावर बायोसमध्ये तो पोर्ट बंद तर केलेला नाही ना, हे पाहावे. त्यानंतर डिस्क दुसऱ्या एखाद्या चालू संगणकास लावून पाहावी. तेथेही ती दिसली नाही, तर मात्र डिस्क सदोष आहे असे मानून हमीच्या मुदतीत परत करावी.

कधी कधी याच्या उलट प्रकार घडतो. नवी डिस्क लावल्यावर संगणकच सुरू होत नाही व पडद्यावर 'सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. याचे कारण पुष्कळदा साधे असते. बायोसच्या क्रमवारीत नवी, रिकामी डिस्क पहिल्या जागी गेलेली असते आणि संगणक तिच्यात विंडोज शोधू लागतो. क्रमवारीत जुनी डिस्क पुन्हा पहिली आणावी.

५. चौथी पायरी : ऑपरेटिंग सिस्टिमची ओळख

बायोसमध्ये डिस्क दिसते, परंतु विंडोजच्या 'धिस पीसी' या खिडकीत ती नाही. नवी डिस्क विकत घेणाऱ्या बहुतेकांस हा अनुभव येतो. येथे काहीही बिघडलेले नसते. त्या खिडकीत ज्यांना डी, ई यांसारखे अक्षर मिळाले आहे असेच विभाग दिसतात. कोऱ्या डिस्कवर विभागच नसतात, मग अक्षर कशास मिळणार?

स्टार्ट बटणावर माउसची उजवी कळ दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे सर्व डिस्कांचे चित्र पट्ट्यांच्या रूपाने दिसते. नव्या डिस्कपुढे 'नॉट इनिशियलाइज्ड' असे शब्द असतात आणि बहुधा ती इनिशियलाइझ करण्यास विचारणारी एक पाटीही आपोआप पुढे येते. लिनक्सवर, म्हणजे आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेल्या बॉस या प्रणालीवरही, 'डिस्क्स' नावाच्या साधनात असेच चित्र पाहावयास मिळते.

इनिशियलाइझ करणे म्हणजे डिस्कच्या आरंभी विभागांचा एक कोरा नकाशा लिहिणे. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो, छत्तीसगडात खसरा असतो, तशीच ही नोंद होय. या नोंदीच्या दोन पद्धती आहेत. जुनी एमबीआर ही १९८३ सालापासून चालत आलेली आहे. तिच्यात सेक्टरचा क्रमांक लिहिण्यास ३२ द्विमान अंकांचीच जागा आहे, म्हणून ४,२९,४९,६७,२९६ सेक्टरांपलीकडे तिची मोजणी जात नाही. सेक्टर ५१२ बाइटांचा धरला, तर ही मर्यादा २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट होते. ४ टेराबाइटांची डिस्क एमबीआर पद्धतीने मांडली, तर तिचा जवळजवळ अर्धा भाग वापरता येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत ही अडचण नाही. शिवाय ती आपल्या नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवते. नव्या डिस्कसाठी जीपीटी निवडावी.

येथे क्षमतेविषयी एक शंका पुष्कळांना येते. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गीगाबाइट अशी दिसते. यात फसवणूक नाही. उत्पादक १ टेराबाइट म्हणजे १ वर बारा शून्ये इतके बाइट मोजतात. विंडोज १०२४ च्या पटीत भागाकार करते. त्यामुळे आकडा लहान दिसतो; जागा तेवढीच असते. ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

६. पाचवी पायरी : विभाग व फाइल-व्यवस्था

नोंद झाली, तरी भूखंड पाडावयाचे राहिलेले असतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आता 'अनअलोकेटेड' असा काळा पट्टा दिसतो. त्यावर उजवी कळ दाबून नवा सोपा विभाग करण्याची आज्ञा निवडावी, विभागाचा आकार ठरवावा, त्यास अक्षर द्यावे आणि फॉरमॅट करावे. फॉरमॅट करणे म्हणजे घरांना क्रमांक घालून त्यांची सूची तयार करणे होय. विंडोजसाठी एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था योग्य असते. एवढे झाले की डिस्क 'धिस पीसी'मध्ये दिसू लागते.

विंडोज नव्याने स्थापन करतानाही एक अडचण येऊ शकते. काही इंटेल संगणकांत एनव्हीएमई डिस्क एका मध्यस्थ नियंत्रकामार्फत जोडलेली असते. बायोसमध्ये डिस्क दिसते, पण स्थापनेच्या पडद्यावर यादी रिकामी असते. संगणकाच्या उत्पादकाकडून त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन स्थापनेच्या वेळी तो पुरविल्यास डिस्क दिसू लागते.

७. सर्वांत मोठा धोका

आतापर्यंत जे सांगितले ते कोऱ्या डिस्कविषयी. कोऱ्या डिस्कवर गमाविण्यासारखे काही नसते, म्हणून तेथे चूक झाली तरी ती सुधारता येते. परंतु पुष्कळदा ज्या दिवशी नवी डिस्क बसवितात, त्याच दिवशी जुन्या संगणकातील डिस्कही काढून नव्या संगणकात लावतात. आता दोन अनोळखी डिस्का समोर येतात आणि पडद्यावरील सूचनेची भाषा दोघींसाठी एकच असते.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. विंडोजला जो नकाशा वाचता येतो, तोच तिच्या लेखी अस्तित्वात असतो. नकाशा मुळीच लिहिलेला नसला, किंवा वीज अचानक गेल्याने तो बिघडलेला असला, तरी दोन्ही वेळा पाटी एकच येते : 'इनिशियलाइझ करा.' फाइलींची सूची खराब झालेली असली, तर 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' अशी सूचना येते. लिनक्सवर वापरलेली, संपूर्णपणे धडधाकट डिस्क विंडोजच्या संगणकास लावली, तरी विंडोजला ती वाचता येत नाही आणि तेथेही कित्येकदा अशीच सूचना मिळते. 'येथे काही नाही' आणि 'येथे जे आहे ते मला वाचता येत नाही' या दोन विधानांतील भेद यंत्र सांगत नाही. तो आपणच जाणला पाहिजे.

सूचना मान्य केल्यास काय होते? केवळ इनिशियलाइझ केल्यास विभागांचा नकाशा पुसला जातो. फाइली जागेवर राहतात, पण त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट हरवते. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर जलद फॉरमॅट केल्यास सूची नवी होते व जुना मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत खाली शिल्लक राहतो. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट केल्यास मात्र सर्वत्र शून्ये लिहिली जातात. एसएसडीवर जलद फॉरमॅटही पुरेसे घातक ठरते, कारण 'ही जागा आता मोकळी' असा निरोप एसएसडीस जातो आणि ती आपण होऊन ती जागा साफ करू लागते. मग माहिती परत मिळण्याची आशा फारच थोडी उरते.

८. एक उदाहरण

वरील विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. रायपुरात मराठी कुटुंबे नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून राहत आली आहेत. समजा, नवा रायपूर येथील एका लहान वाचनालयाने अशा कुटुंबांकडून मिळालेल्या जुन्या ग्रंथांची आणि देणगीदारांच्या नोंदवह्यांची छायाचित्रे काढून एका ५०० गीगाबाइटांच्या डिस्कवर ठेवली. मूळ वह्यांची पाने आता इतकी जीर्ण झाली आहेत की त्यांची पुन्हा छायाचित्रे काढणे शक्य नाही. एके दिवशी गडगडाटी पावसात वीज गेली आणि तो जुना संगणक पुन्हा सुरू झाला नाही. वाचनालयाने नवा संगणक घेतला. त्यात विंडोज एम-टू पट्टीवर होते. ग्रंथपालांनी २ टेराबाइटांची नवी डिस्क आणि जुनी ५०० गीगाबाइटांची डिस्क अशा दोन्ही त्यात लावल्या.

संगणक सुरू करून डिस्क मॅनेजमेंट उघडताच पाटी आली : 'डिस्क १ इनिशियलाइझ करा.' ग्रंथपालांना वाटले, ही नवीच डिस्क असणार; तिला असे करावेच लागते असे त्यांनी ऐकले होते. त्यांचा हात 'ओके'वर गेला. तेवढ्यात त्यांच्याबरोबर बसलेल्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपण दोन डिस्का लावल्या, मग पाटीवर एकच कशी?"

ग्रंथपालांनी पाटी रद्द केली आणि खालचा पट्टा पाहिला. तेथे क्षमता ४६५ गीगाबाइट लिहिली होती. वर सांगितलेला हिशेब येथे कामास आला. २ टेराबाइटांची डिस्क विंडोजमध्ये १८६३ गीगाबाइटांच्या आसपास दिसावयास हवी. ४६५ हा आकडा ५०० गीगाबाइटांच्या डिस्कचाच असू शकतो. जी कोरी वाटली, ती वाचनालयाची जुनी डिस्क होती. वीज जाताना तिचा नकाशा बिघडला होता. नवी डिस्क तर पडद्यावर आलीच नव्हती.

आता त्यांनी क्रमाने तपास केला. संगणक बंद करून प्रथम जुनी डिस्क काढून सुरक्षित ठेवली. बायोसमध्ये पाहिले, तर नवी डिस्क यादीत नव्हती. म्हणजे दोष पहिल्या दोन पायऱ्यांत होता. डिस्क थरथरत होती, म्हणजे वीज पोचत होती. मदरबोर्डची पुस्तिका पाहता कळले की, एम-टू खाच वापरात असताना नेमका तोच साटा पोर्ट बंद राहतो. दुसऱ्या पोर्टात केबल घालताच नवी डिस्क बायोसमध्ये दिसली. मग ती एकटीच संगणकात असताना जीपीटी पद्धतीने इनिशियलाइझ करून फॉरमॅट केली.

जुन्या डिस्कचा प्रश्न निराळा होता. तिच्यावर काहीही लिहावयाचे नाही, हा पहिला नियम. तिची सेक्टरामागून सेक्टर अशी हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर एका फाइलीच्या रूपाने घेतली आणि नकाशा दुरुस्त करण्याची खटपट त्या प्रतीवर केली. जुनी डिस्क जीपीटी पद्धतीची असल्याने नकाशाची दुसरी प्रत तिच्या शेवटी शाबूत होती. तिच्या साहाय्याने विभाग पुन्हा सापडला. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असता, तर मात्र घरी काहीही न करता ती तत्काळ बंद करून जाणकाराच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग ठरला असता.

९. पुढील काळजी

या उदाहरणात छायाचित्रे वाचली. पण ती योगायोगाने वाचली, हे विसरता कामा नये. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला नसता, तर वाचनालयाचा तो संग्रह कदाचित कायमचा गेला असता. डिस्क कितीही उत्तम असली, तरी ती केव्हातरी बंद पडणारच. नवा रायपूर येथे २०२५ सालच्या मे महिन्यात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एका मोठ्या डेटा सेंटरच्या उभारणीचा पायाभरणी समारंभ झाला. अशा केंद्रांतही डिस्का बंद पडतात. परंतु तेथे माहिती एकाहून अधिक ठिकाणी ठेवलेली असल्याने एका डिस्कच्या जाण्याने ती नष्ट होत नाही. शाळेने व वाचनालयानेही आपल्या शक्तीप्रमाणे हाच मार्ग धरावा. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी.

नवी डिस्क बसविण्याच्या दिवशी पुढील क्रम पाळावा. प्रथम सर्व डिस्कांचे नमुना क्रमांक, अनुक्रमांक व क्षमता एका कागदावर लिहून घ्याव्यात. शक्य असल्यास ज्या डिस्कवर माहिती आहे ती काढून ठेवावी आणि नवी डिस्क तयार झाल्यावरच परत लावावी. पडद्यावर सूचना आल्यास ती कोणत्या डिस्कविषयी आहे, हे कागदाशी ताडून पाहावे. खात्री होत नसेल, तर पाटी रद्द करावी; रद्द केल्याने कोणतीही हानी होत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बायोसच्या यादीत डिस्क दिसते, परंतु 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही. दोष कोणत्या पायऱ्यांत शोधाल? कोणत्या पायऱ्या वगळाल?

२. ४ टेराबाइटांची डिस्क विंडोजमध्ये सुमारे किती गीगाबाइट दिसेल, हे १०२४ ने तीन वेळा भागाकार करून काढा.

३. यूएसबीच्या जोडकेबलीवर अडीच इंची एसएसडी चालते, पण साडेतीन इंची डिस्क चालत नाही. याचे कारण लिहा.

४. केबल, पोर्ट व वीज ही एकाच वेळी बदलली असता तपासात कोणती उणीव राहते?

५. आपल्या शाळेतील एका संगणकाचे डिस्क मॅनेजमेंट शिक्षकांच्या देखरेखीखाली उघडा. कोणतीही आज्ञा न देता तेथील डिस्कांची क्षमता व विभाग यांचा तक्ता वहीत उतरवून घ्या.